खालचं एक बटण त्याचं

पत्राचा सारांश: तालुक्याच्या गावातल्या एका निवासी विशेष शाळेत दोन वर्षांपासून शिकवणाऱ्या 26 वर्षांच्या शिक्षिकेचं हे पत्र आहे. तिच्या वर्गात बौद्धिक अक्षमता असलेली 10 मुलं आहेत. त्यातल्या नऊ वर्षांच्या एका मुलावर तिचा फार जीव जडलाय. त्याचे आईवडील ऊसतोडीला जातात. मोठ्या सुट्टीत आजी येऊन त्याला घेऊन जाते, एरवी भेटायला कुणी येत नाही. पालकभेटीच्या रविवारी तो सकाळपासून फाटकाशी उभा असतो. शिक्षिका त्याला स्वतःच्या हाताने भरवते, शर्टाची बटणं लावून देते, सुट्टीच्या दिवशीही त्याच्यासाठी शाळेत येते. नुकताच तिने स्वतःच्या पैशांतून त्याला नवा शर्ट घेतला. मुख्याध्यापिकांनी बोलावून 'थोडं अंतर ठेवा' असं सांगितलं. त्याच आठवड्यात तिने 'अ चाइल्ड इज वेटिंग' हा 1963 चा अमेरिकन चित्रपट पाहिला आणि त्यातल्या नव्या शिक्षिकेत तिला आपणच दिसलो. तिचे प्रश्न तीन. चित्रपटातले डॉक्टर आणि आमच्या बाई निष्ठुर नाहीत का? 'मुलगा आजारी आहे' असं सांगून त्याच्या आईला बोलावून घेऊ का? आणि हा चित्रपट पालकसभेत दाखवावा का?

प्रिय ताई,

आधी दुसरा प्रश्न घेऊ, कारण त्याला थांबून चालणार नाही. तो फोन करू नका.

चित्रपटातली जीन हॅन्सन नेमकं हेच करते. ज्यांनी चित्रपट पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: रूबेन नावाच्या मुलाला त्याचे वडील गाडीतून संस्थेत आणून सोडतात आणि निघून जातात. संगीत शिकवायला नव्याने आलेली जीन (ज्यूडी गार्लंड) त्याच्यात गुंतत जाते. संस्थेचे प्रमुख डॉ. क्लार्क (बर्ट लँकेस्टर) तिला आवरू पाहतात. भेटीच्या दिवशी इतरांचे आईवडील येतात, रूबेनचे येत नाहीत. शेवटी जीन खोटं निमित्त काढून त्याच्या आईला बोलावते. आई येते, डॉक्टरांशी बोलते आणि मुलाला न भेटताच परत निघते. नेमकं त्याच वेळी रूबेन तिला पाहतो, गाडीमागे धावत सुटतो आणि पुढे संस्थेतून पळून जातो. डॉक्टर त्याला शोधून परत आणतात.

तोवर रूबेनला 'आई येत नाही' एवढंच ठाऊक होतं. त्या दिवशी त्याला 'आई आली आणि मला न भेटताच निघून गेली' हे कळलं. जीनचा हेतू चांगला होता, पण भेटीची तयारी कुणाचीच झालेली नव्हती. आईची नाही, मुलाची नाही आणि शाळेचीही नाही.

तुमच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट आहे. रूबेनच्या घरच्यांकडे निदान गाडी होती. तुमच्या मुलाचे आईवडील कारखान्याच्या हंगामात उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेऊन गेलेले असतात. ऊसतोडीत 'कोयता' म्हणजे नवराबायकोची जोडी, एकाने खाडा केला तर दोघांचं काम अडतं आणि मुकादम पैसे कापतो. 'मुलगा आजारी आहे' हे ऐकून ती आई फडातून निघेल, दोन एसट्या बदलून येईल आणि मुलगा ठणठणीत पाहील. पुढच्या वेळी तो खरोखर तापाने फणफणला असेल तेव्हा ती तुमचं ऐकेल का? 'त्यांना त्याची पडलेलीच नाही' असं तुमच्या पत्रातून जाणवतं. तसं असेलही. पण न येण्यामागे मजुरी, अंतर, निघताना मूल रडेल ही धास्ती आणि 'आता याला घरी घेऊन जा' असं शाळा म्हणेल ही भीती, यातलं काहीही असू शकतं. विचारल्याशिवाय ठरवू नका.

मग विचारायचं कसं? मुख्याध्यापिकांना सांगून, शाळेच्या फोनवरून. पहिलं वाक्य 'तो बरा आहे' हेच असलं पाहिजे, कारण शाळेचा फोन म्हटलं की घरच्यांच्या छातीत धस्स होतं. दुसऱ्या वाक्यात तो नव्याने काय करू लागलाय ते सांगा. 'हुशार झालाय' असं मोघम नको. 'जेवल्यावर आपलं ताट उचलून ठेवतो' असं, डोळ्यांसमोर येईल असं काहीतरी सांगा. मग मागणी करा, तीही पुरी करता येण्याजोगी. 'कधी येणार?' हा प्रश्न त्यांना आरोपासारखा लागतो. 'रविवारी सकाळी 10 वाजता पाच मिनिटं फोनवर बोलाल का?' हे जमण्यासारखं आहे. फडात रेंज नसते, गाडी भरायला कधीही उठावं लागतं, त्यामुळे 10 ची वेळ हुकूही शकते. त्यावर उपाय म्हणून आईकडून वीस सेकंदांचा आवाजी निरोप मागवून ठेवा. मुलाचं नाव, 'जेवलास का', 'दादा, आजीची म्हैस व्यायली', एवढं पुरतं. फोन लागला नाही तर ठरल्या वेळी तो निरोप ऐकवायचा.

पालकभेटीच्या रविवारी फाटकाशी उभं राहणं तुम्हाला बघवत नाही, हे अगदी कळतं. त्याला 'रविवार' हा शब्द समजतो, पण 'कोण येणार आणि कोण नाही' हे त्याला कुणी दाखवलेलं नाही. पुठ्ठ्याची एक पट्टी करा. सात चौकोन आणि रोज संध्याकाळी एक चौकोन त्याने झाकायचा. रविवारच्या चौकोनात आईचा फोटो आणि शेजारी फोनचं चित्र. प्रत्यक्ष भेट पक्की ठरलेली असेल तेव्हाच फाटकाचं चित्र लावायचं. 'येतील हं' असं समजुतीसाठीही म्हणायचं नाही. आणि फोन झाल्याबरोबर त्याच्या आवडीचं एखादं काम तयार ठेवा, झाडांना पाणी घालणं वगैरे. फोन बंद झाल्यानंतरची दहा मिनिटं सगळ्यात अवघड असतात. ती रिकामी सोडली की मूल पुन्हा फाटकाकडेच जातं.

एप्रिल-मेमध्ये आईवडील गावी परततील आणि भेट होईल. तेव्हा निघताना 'त्याचं लक्ष नाही तोवर पटकन जा' असा सल्ला कुणी देईल. तो ऐकू नका. लपून गेलेलं माणूस परत येईल यावर मूल कसं विश्वास ठेवेल? बाबा जाणार, मग हात हलवायचा, मग जेवण, अशी तीन चित्रं सकाळीच दाखवून ठेवा. तरी तो रडेल. रडू द्या, पण त्याची फसवणूक होऊ देऊ नका.

आता डॉक्टर निष्ठुर आहेत का, हा प्रश्न.

तुम्ही आणि बाई 'अंतर' हा शब्द दोन वेगळ्या अर्थांनी वापरताय असं वाटतं. तुम्हाला त्यातून 'कमी माया करा' असं ऐकू येतंय. बाईंना बहुधा 'हात मागे घ्या' असं म्हणायचं आहे. नऊ वर्षांच्या मुलाला रोज भरवणं आणि त्याची सगळी बटणं लावून देणं यात माया आहेच. पण ज्या चार मिनिटांत तो ते शिकला असता, ती चार मिनिटं तुम्ही खर्चून टाकता. डॉ. क्लार्क या एका बाबतीत बरोबर आहेत: या मुलांकडून काहीच अपेक्षा न ठेवणं हे त्यांना सोडून देण्यासारखंच आहे.

बटणापासूनच सुरुवात करा. या गोष्टीत बारकावे फार आहेत आणि बहुतेक वर्गांत ती चुकीच्या टोकाने शिकवली जाते.

गळ्याजवळचं बटण मुलाला दिसतच नाही, म्हणून सगळ्यात खालच्या बटणाने सुरुवात करायची. तुम्ही समोर बसून दाखवलंत तर त्याला सगळं आरशातल्यासारखं उलटं दिसतं, म्हणून शेजारी किंवा मागे बसा. लाकडी पाटीवरची बटणं लावता आली तरी अंगावरची येत नाहीत, अशी तक्रार नेहमी असते. कारण पाटी समोरून पाहिली जाते आणि शर्ट वरून. पाटी वापरायचीच तर मांडीवर, अंगात घातल्यासारख्या दिशेने ठेवा. बटण दोन सेंटिमीटरच्या आसपास, चपटं आणि कडेला उंचवटा असलेलं घ्या. ते कापडाला घट्ट चिकटवून शिवू नका. खाली तीन-चार मिलिमीटर दोऱ्याची मान ठेवली की बटण उभं राहतं आणि चिमटीत येतं.

कृती फोडली तर साधारण अशी होते: दोन्ही कडा सारख्या करणं, एका हाताच्या चिमटीत बटण धरणं, दुसऱ्या हाताने काजाची कड धरणं, बटणाची धार काजात घालणं, अर्ध्यापर्यंत ढकलणं, पलीकडून अंगठ्याने ती धार पकडणं आणि बटण ओढून बाहेर काढणं. पहिल्या सहा पायऱ्या तुम्ही करा आणि शेवटचं ओढणं तेवढं त्याला करू द्या. म्हणजे रोज काम पुरं होतं ते त्याच्या हाताने. सलग तीन दिवस, पाचपैकी चार वेळा ते जमलं की शेवटच्या दोन पायऱ्या त्याच्या. मग तीन. शेवटाकडून सुरुवातीकडे असं शिकवताना मूल कंटाळत नाही, कारण यश लांबणीवर पडत नाही.

हाताचा आधारही पायरीपायरीने कमी करायचा. आधी बोटांवर बोटं, मग मनगटाला, मग कोपराला नुसता स्पर्श, मग बोटाने खूण, मग फक्त शब्द. सूचना एकदाच द्यायची: 'बटण ओढ.' मग मनातल्या मनात पाचपर्यंत मोजायचं. याच पाच अंकांत बहुतेक जण हरतात आणि 'ओढ ना, ओढ, असं ओढ' सुरू होतं. चार वेळा सांगितलं की मूल शिकतं ते हेच की पहिल्या तीन सूचना आपल्यासाठी नसतात. वहीत दर वेळी एकच अक्षर लिहा. हात धरून केलं तर 'ह', खुणेवर केलं तर 'ख', शब्दावर 'श', आपणहून केलं तर 'आ'. पंधरा दिवसांनी ओळीत नुसते 'ह' दिसत असतील तर मुलाला दोष देऊ नका. पायरी मोठी झालीय किंवा काज घट्ट आहे.

हे सगळं कधी? सकाळी अकराच्या तासाला शर्ट काढून घालायला लावू नका. आंघोळीनंतर खरोखर कपडे घालायचे असतात तीच वेळ. इथे काळजीवाहक मावशींना बरोबर घ्यावं लागेल. त्यांना नाश्त्याच्या घंटेआधी सगळ्या मुलांना तयार करायचं असतं, त्यामुळे त्या झरझर सगळी बटणं लावून मोकळ्या होतात आणि त्यात तुमचा आठवडाभराचा अभ्यास वाहून जातो. त्यांना सगळी पद्धत समजावत बसू नका. एकच गोष्ट ठरवा: वरची बटणं तुमची, खालचं एक बटण त्याचं. ते राहिलं तर तो तसाच नाश्त्याला आला तरी चालेल. मावशी, तुम्ही आणि सुट्टीत आजी, अशा तीन जणींसमोर जमलं की ते त्याला आलं असं समजा. फक्त तुमच्यासमोर जमत असेल तर तो अजून बटण शिकलेला नाही, तुमचा स्पर्श ओळखायला शिकलाय.

आजीचं नाव आलंच आहे म्हणून. 'त्याला माझ्याशिवाय कुणी नाही' असं तुम्ही दोनदा लिहिलंय आणि त्याच पत्रात सुट्टीत आजी येते असंही लिहिलंय. ती बाई या वयात प्रवास करून नातवाला नेते, आणून सोडते. तिला शाळेत कुणी अर्धा तास बसवून काही दाखवलं आहे का? पुढच्या खेपेला दाखवा. त्याच्या वैयक्तिक शैक्षणिक कार्यक्रमाच्या कागदावर 'पालक' म्हणून तिचा अंगठा नुसता घेऊ नका, तिचं म्हणणं विचारा. घरी शेणकूट, पाणी, कोंबड्या यांत तो काय करतो हे तिला ठाऊक असतं आणि ते शाळेच्या तपासणी यादीत सापडत नाही. आणखी एक पर्याय तिच्यापुढे ठेवण्यासारखा आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. म्हणजे वसतिगृह हा एकच रस्ता नाही. गावातली जिल्हा परिषद शाळा आणि तालुक्याच्या गटसाधन केंद्रातले विशेष शिक्षक यांची जोड आजीला झेपेल का, हे बाईंनी तिच्याशी बोलून पाहावं. झेपेलच असं नाही. पण कुणी विचारलंच नाही, असं नको व्हायला.

राहिलेल्या नऊ मुलांबद्दल पत्रात एक ओळही नाही. हे टोचून बोलण्यासाठी म्हणत नाही. हिशेब मांडून पाहा: 40 मिनिटांच्या तासात 10 मुलांना प्रत्येकी चार मिनिटं येतात. त्याला तुम्ही 16 दिलीत की उरलेल्या नऊ जणांना दोन मिनिटं चाळीस सेकंद उरतात. त्यांतही कुणीतरी फाटकाकडे बघत असेल, फक्त ते तुमच्याजवळ येऊन बिलगत नसेल. भेटीच्या रविवारी जितक्या मुलांकडे कुणी येत नाही, त्या सगळ्यांचा मिळून एक कार्यक्रम ठेवा: लाडू वळायचे, बाग करायची, काहीही. तुमचा रविवार मग एकाचा राहणार नाही. शर्टाचंही तसंच. भेटवस्तू शाळेच्या नोंदीतून आणि वाढदिवसाला, सगळ्यांना सारखी.

मिठीबद्दल एक गोष्ट आत्ताच सांगितलेली बरी. आज तो कुणाच्याही मांडीवर बसतो आणि सगळ्यांना त्याचं कौतुक वाटतं. हाच मुलगा 16 व्या वर्षी अनोळखी बाईला बिलगला तर लोक त्याला मारतील. मिठी आजी, आई आणि बाबांना. ताईंना टाळी. पाहुण्यांना नमस्कार. हे आतापासून रोज, फोटो दाखवून शिकवा. त्याच्या सुरक्षेसाठीही हे लागतंच. कुणालाही अंगाला हात लावू देणारं मूल सगळ्यात आधी धोक्यात येतं.

शेवटी चित्रपट पालकसभेत दाखवण्याबद्दल. माझं मत 'नको' असं आहे आणि त्याचं कारण चित्रपटातच आहे. पडद्यावरची बहुतेक मुलं बालनट नव्हती. कॅलिफोर्नियातल्या पोमोना इथल्या पॅसिफिक स्टेट हॉस्पिटलमध्ये राहणारी खरी मुलं होती (रूबेन झालेला ब्रूस रिची तेवढा अभिनेता). म्हणूनच ते चेहरे इतके आत जाऊन बसतात. पण चित्रपट काय म्हणतो यावर तो करणाऱ्यांचंच एकमत नव्हतं. निर्माते स्टॅनली क्रेमर यांनी दिग्दर्शक जॉन कॅसाव्हेटिस यांना संकलनातून दूर केलं आणि चित्रपट आपल्या मताने कापला. कॅसाव्हेटिस यांच्या नंतरच्या सांगण्याचा आशय असा होता की, क्रेमर यांच्या चित्रपटात ही मुलं संस्थेतच असावीत असं निघतं, आणि आपण चित्रित केलं होतं ते हे की, ही मुलं आपल्या परीने स्वतःला शहाण्या समजणाऱ्या मोठ्यांपेक्षा उजवी असतात. तुम्हाला चित्रपट पाहताना एकदा डॉक्टर पटले आणि एकदा संताप आला, त्यामागे ही ओढाताण असणार.

त्यात काळाचीही गोष्ट आहे. अपंग मुलांना सरकारी शाळेत शिकण्याचा हक्क देणारा अमेरिकेचा केंद्रीय कायदा 1975 मध्ये झाला, चित्रपटानंतर 12 वर्षांनी. रूबेनच्या पालकांपुढे बाकी फारसं काही नव्हतं. पोमोनाची ती संस्थासुद्धा पुढे नाव बदलून 2014 च्या अखेरीस बंद झाली आणि तिथल्या रहिवाशांना वस्तीतल्या लहान घरांमध्ये हलवण्यात आलं. आपल्या पालकसभेत मात्र 'आमच्यामागे याचं काय?' हा प्रश्न पोटात घेऊन माणसं बसलेली असतात. त्यांना इंग्रजी संवाद कळणार नाहीत, पण डॉक्टर जीनला मोठ्या वयाच्या रहिवाशांकडे नेतात तो प्रसंग शब्दांविना कळेल आणि रात्रभर छळेल. त्यापेक्षा त्या सभेत 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याची माहिती द्या. मूल 18 वर्षांचं झाल्यावर जिल्हाधिकारी अध्यक्ष असलेल्या स्थानिक समितीकडे कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज करता येतो आणि त्याच न्यासाची 'निरामय' ही वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य संरक्षण देणारी विमा योजना आहे. सभा संपताना प्रत्येकाच्या हातात अर्जाला लागणाऱ्या कागदपत्रांची यादी असू द्या.

चित्रपट शिक्षकांनी मात्र एकत्र बसून जरूर पाहावा. विशेषतः शेवटचं मुलांचं नाटक. रूबेनचे वडील त्याला दुसऱ्या संस्थेत न्यायचं ठरवून आलेले असतात आणि तिथे ते आपल्या मुलाला कविता म्हणताना ऐकतात. मुलगा काहीतरी करतोय हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, एवढंच घडलं. तुमच्या मुलाच्या वडिलांना स्नेहसंमेलनाला येता येणार नाही, ते तेव्हा फडात असतील. म्हणून बटण जमू लागलं की फोनवर चाळीस सेकंदांचं चित्रण करा, बाईंच्या आणि घरच्यांच्या परवानगीने. चेहऱ्याच्या आधी हात दिसू द्या. ते फक्त त्या बापाला पाठवा, स्टेटसला लावू नका.

नवा शर्ट आणलाच आहे, तर तो देण्याआधी त्याची काजं कात्रीच्या टोकाने दोन धागे मोठी करून घ्या आणि कडा पुन्हा शिवा. कोऱ्या कापडाची काजं फार आवळ असतात.